माशीचं शिवार

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आमच्या शाळेतल्या गुरुजींविषयी बोलायचं, तर मला आधी एका वठलेल्या जांभळाविषयी बोललं पाहिजे. शाळेच्या आवारात, हापशाच्या बाजूला ते उभं होतं. मी सातवीत होतो त्या वर्षी ते वाळलं. पाडून सरपण करायचं ठरलं, कुऱ्हाडीही आल्या. गुरुजींनी माणसांना थांबवलं आणि आमचा अख्खा वर्ग झाडापाशी नेला. म्हणाले, "खोडाला कान लावा." आम्ही लावले. आत बारीक करकर चालली होती. मग त्यांनी एक भोक दाखवलं. बोट जाईल एवढं, आणि असं गोल, की सुतारानं गिरमिटानं पाडलंय म्हणावं. खाली मुळाशी भुशाची लहानशी रास पडलेली. आम्ही गप्प उभे राहिलो. थोड्या वेळानं त्या भोकातून काळाभोर भुंगा बाहेर आला, उन्हात त्याच्या पंखांवर निळी झाक चमकली आणि तो गुणगुणत रुईच्या झुडपाकडे निघून गेला.

"झाड गेलंय," गुरुजी म्हणाले, "पण बिऱ्हाड आहे. सरपण दुसरीकडं बघा."

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की भुंगा ही मधमाशीच्याच गोतातली माशी आहे. लाकूड कोरते ती मादी. कोरलेल्या बोगद्यात ती पराग आणि मकरंद मळून एक गोळा ठेवते, त्यावर एक अंडं घालते, भुशाची भिंत बांधते. मग पुढचा गोळा, पुढचं अंडं, पुढची भिंत. एका ओळीत खोल्या. कोरडं लाकूड भेदणारा आणि कोवळ्या कळीत मात्र अडकून पडणारा भुंगा ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात येतो. म्हणजे सातशे वर्षांपूर्वी आपल्या भाषेत कुणीतरी या जिवाकडे नीट बघितलं होतं. आपण मधल्या काळात बघायचं सोडलं, एवढंच.

याच भुंग्यांवर भीमाशंकरच्या जंगलात मोठं काम झालं आहे. हेमा सोमनाथन आणि रेने बोर्जेस या शास्त्रज्ञांनी तिथल्या वारस नावाच्या झाडाचा अभ्यास केला. त्याची फुलं रात्री उमलतात आणि त्यांचं परागीभवन भुंगे करतात. तिथली भुंग्याची एक जात तर अमावास्येच्या रात्रीही उडते, आणि नुसत्या चांदण्यांच्या उजेडात तिला रंग ओळखता येतात. हे संशोधन 2008 साली प्रसिद्ध झालं. माणसाला त्या उजेडात स्वतःचा हात धड दिसत नाही. पुण्याहून सकाळी निघून दुपारी पोचावं इतक्या जवळ हे घडतं, आणि आपल्या एकाही पाठ्यपुस्तकात मला ते सापडलेलं नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

आपल्याकडे मधमाशी म्हटलं की पेटी डोळ्यांपुढे येते. जगात माश्यांच्या 20,000 हून जास्त जाती आहेत, भारतात 700 हून जास्त. त्यांतल्या मध साठवणाऱ्या, आपल्याला नावानं ठाऊक असलेल्या किती? आग्या, सातेरी, फुलोरी, भिंतीच्या फटीत राहणारी इवलीशी पोयाची माशी, आणि बाहेरून आणलेली मेलिफेरा. बाकीच्या शेकडो जाती एकएकट्या राहतात. त्यांना पोळं नाही, राणी नाही, मध नाही, म्हणून आपल्या हिशेबात त्या नाहीतच. गुलाबाच्या पानाला गोल चकती कापून नेलेली दिसते ती पानकापी माशी. टोमॅटोच्या फुलाला लटकून जोरात थरथरणारी, पोटावर निळे पट्टे असलेली माशी तुम्ही बघितली असेल. टोमॅटो-वांग्याचा पराग मिठाच्या भांड्यातल्या मिठासारखा बंद असतो, टोकाच्या भोकातून तो झाडून काढावा लागतो. ती थरथर भुंग्याला आणि या निळ्या पट्टेवालीला जमते, पेटीतल्या माशीला नाही. आणि या एकट्या राहणाऱ्या माश्यांपैकी बहुतेक जमिनीत बीळ करून राहतात. उघड्या, न नांगरलेल्या, उन्हं लागणाऱ्या जमिनीत. आपल्या भाषेत सांगायचं तर, बांधात.

माश्या संपल्या की चार वर्षांत माणूस संपेल, असं एक वाक्य आइन्स्टाइनच्या नावावर खपवलं जातं. ते त्यांचं असल्याचा पुरावा नाही, आणि खरंही नाही. ज्वारी, बाजरी, गहू, भात यांना माशीची गरज नाही. भाकरी राहील. जाईल ते कोरड्यास. भोपळा, दोडका, कारलं, काकडी यांचं नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. मधे कुणीतरी ये-जा केल्याशिवाय फळ धरतच नाही. कारळाचं झाड स्वतःच्या परागानं बी धरत नाही, त्यामुळे कारळाची चटणी ही सगळी माश्यांची मेहनत. जगातल्या खाद्यपिकांपैकी तीन-चतुर्थांश प्रकार थोडेफार तरी परागवाहकांवर अवलंबून आहेत, असं 2016 साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या जैवविविधता मंचानं सांगितलं. मला ते कोरडी भाकरी समोर ठेवून सांगितलेलं जास्त पटतं.

परागवाहक म्हणजे फक्त मधमाशीच्या गोतातल्या माश्याही नव्हेत. आंब्याच्या मोहरावर घोंगावतात त्या बहुतांशी साध्या घरमाशीच्या गोतातल्या. उंबर फोडून केंबरं काढू नयेत असं आपण म्हणतो. ती केंबरं नसती तर उंबराला बी धरलं नसतं. उंबराच्या टोकाच्या छिद्रातून आत शिरताना त्या चिमुकल्या मादीचे पंख तुटतात. आतल्या फुलांना ती पराग देते, अंडी घालते आणि तिथेच मरते. उंबराचं फूल कुणाला दिसत नाही म्हणतात, तिला दिसतं.

आता आपल्या कांद्याकडे येतो. आपला जालना-बुलढाण्याचा पट्टा बियाण्याचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोट कांदा लावायचा, जानेवारी-फेब्रुवारीत डेंगळ्यांवर पांढरे गोंडे फुलतात. काल संध्याकाळी मी एका गोंड्यापाशी बसून राहिलो होतो. एका गोंड्यात शेकडो फुलं असतात, आणि ती एकदम उमलत नाहीत. दोन-तीन आठवडे थोडी थोडी उमलत राहतात. प्रत्येक फुलाचा पराग आधी झडून जातो, आणि त्याच फुलाचा स्त्रीकेसर नंतर तयार होतो. म्हणजे फुलाला स्वतःचं भागवता येत नाही. दुसऱ्या फुलाकडून कुणीतरी आणून द्यावंच लागतं. प्रत्येक फुलात जास्तीत जास्त सहा बिया. माशी आली नाही तर गोंडा दिसायला तसाच पांढराशुभ्र दिसतो. चोळला की हातात नुसतं फोलपट येतं.

त्यात कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम फार, त्यामुळे माश्यांना तो मुळातच कमी आवडतो. जवळपास दुसरं काही फुललेलं असलं की त्या तिकडे जातात. म्हणून आपले लोक गुळाचं पाणी फवारतात, मऊ फडकं घेऊन बायका गोंड्यांवरून हात फिरवत ओळीनं जातात. माझी काकू हे काम करायची. दिवसभर हात फिरवून आल्यावर ती म्हणायची, "आज माशी झाले रे." मला तेव्हा त्याचं हसू यायचं. माशीचं काम माणसाला रोजंदारीवर करावं लागतं, हे केवढं मोठं नुकसान आहे ते मला फार उशिरा समजलं.

बीजप्रमाणीकरणाचा एक नियम तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. कांद्याच्या पायाभूत बियाण्याला 1,000 मीटर आणि प्रमाणित बियाण्याला 500 मीटर विलगीकरण अंतर. दुसऱ्या वाणाचा कांदा त्याच्या आत फुलता कामा नये. का? कारण माशी पराग घेऊन येईल. हा नियम मी पंचवीस वर्षं शेतकऱ्यांना समजावून सांगत आलो, आणि त्यातली खरी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. सरकारी नियमानं इथे लेखी मान्य केलंय, की माशीला सातबारा नाही. ती माझ्या गटातून तुझ्या गटात, तुझ्या गटातून गायरानात जाते. तिचं शिवार आपल्या कुणाच्याही शेतापेक्षा मोठं आहे. पण हे अंतर आपण पाळतो ते बियाण्यात भेसळ होऊ नये म्हणून. तीच माशी शेजाऱ्याच्या फवाऱ्यानं मरू नये म्हणून मात्र आपण एक मीटरही पाळत नाही.

आज तुमच्यापुढे मांडायचं ते एवढंच आहे. गाय एकट्यानं सांभाळता येते, विहीर एकट्यानं खोदता येते. माशी एकट्याला सांभाळता येत नाही. मी माझ्या चार एकरात कितीही जपलं आणि शेजारच्या वावरात सकाळी दहा वाजता, फुलोऱ्यात, फवारा चालला, तर माझं जपणं संध्याकाळपर्यंत मातीत जातं. हे काम गावानंच करायचं आहे.

आपल्या गावानं सहा वर्षांपूर्वी ते सुरू केलं, म्हणून मला हे बोलायचा धीर होतो. पहिल्या बैठकीला गुरुजी होते. ठरलं ते साधं होतं. कांद्याच्या फुलोऱ्यात दिवसा फवारायचं नाही. फवारायचंच झालं तर दिवस मावळल्यावर, माश्या परतल्यावर, आणि आदल्या दिवशी शेजाऱ्यांना सांगून. बांधावर तणनाशक मारायचं नाही. त्या बैठकीत एक शेतकरी उठून उभा राहिला. त्याच्या कांद्यावर फुलकिडे होते, पात वाकडी झाली होती, आणि कर्ज होतं. तो म्हणाला, "माशीला वाचवायचं म्हणून मी मरू का?" त्याचं चूक नव्हतं. फुलकिडे खोटे नाहीत, कर्जही खोटं नाही. गुरुजी त्याला काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याच्या बांधावर गेले, आणि मग आम्ही चौघं-पाचजण बसून वेळापत्रक मागे सरकवलं: जे काही फवारायचं ते गोंडा उमलायच्या आत उरकायचं. त्या वर्षी तो तयार झाला. पुढच्या वर्षी त्यानं पुन्हा भर दुपारी फवारलं. तिसऱ्या वर्षी तो स्वतःच मंदिराच्या भोंग्यावरून फवारणीच्या वेळा सांगायला लागला. असं मागे-पुढे होतच हे चाललं आहे. अजूनही तीन-चार घरं आमच्यात नाहीत. त्यांच्याशी बोलणं सोडायचं नाही, एवढं आम्ही धरून आहोत.

औषधाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-शेतमजूर गेले. पाठीवर पंप घेतलेला माणूस आणि फुलावर बसलेली माशी एकाच ढगात उभे असतात. माशीसाठी नियम करताना आपण फवारणाऱ्या मजुरासाठीही करत असतो.

बांधाचं दुखणं याहून जुनं आहे. बांध कोरणं हा शब्द आपल्याकडे भांडणाचा आहे, कोर्टाचा आहे. पूर्वी बांधावरून बैलगाडी जायची. आता दोन्हीकडून ट्रॅक्टरच्या फाळानं कोरून कोरून काही ठिकाणी तो पाऊलभर राहिलाय. दोन भावांनी बांध कोरला की एकमेकांची चार फूट जमीन जाते, आणि जमिनीतल्या माश्यांचं गावच्या गाव जातं. बांधावरची बोर, तरवड, टाकळा, कंबरमोडी यांना आपण गवत म्हणतो. कांदा फुललेला नसतो त्या नऊ-दहा महिन्यांत माश्या त्यांच्यावरच जगतात. जानेवारीत पोटभर माश्या हव्या असतील तर आश्विनात बोरीला फुलं हवीत.

गावानं ठरवलं तर काय होतं, याचं मोठं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं छोटं गाव. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथली. 2009 साली वनहक्क कायद्याखाली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर त्यांना सामूहिक हक्क मिळाला. पण मला तिथलं जास्त महत्त्वाचं वाटतं ते त्याच्या आधीचं. त्या गावात निर्णय बहुमतानं होत नाही, सर्वसहमतीनं होतो. आणि निर्णयाआधी अभ्यासगट बसतो. असाच एक अभ्यास मधाचा झाला. पूर्वी मध काढायचा म्हणजे मोहोळाखाली जाळ करायचा, माश्या होरपळायच्या. तो अभ्यास करताना गावानं माश्या न मारता मध काढायची रीत आत्मसात केली. तिकडे वर्ध्यात डॉ. गोपाल पालीवाल यांनी आग्या मोहोळाच्या बाबतीत हेच काम वर्षानुवर्षं केलं, मध काढणाऱ्या आदिवासींना शिकवलं. आग्याच्या पोळ्यात मध वरच्या एका बाजूला असतो, पिल्लं खालच्या मोठ्या भागात. अंगभर पोशाख घालून नुसता मधाचा भाग कापून घ्यायचा आणि पिल्लांना हात लावायचा नाही. माश्या पोळं सोडत नाहीत, तो भाग पुन्हा बांधतात, आणि त्याच पोळ्यातून पुन्हा मध मिळतो. जाळ केला असता तर एकदाच मिळाला असता.

आता तालुक्याच्या गावातली एक गोष्ट सांगतो, माझ्याच इमारतीतली. पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ बसलं होतं. एका रात्री कुणाला न विचारता माणसं बोलावली गेली, औषध मारलं गेलं. सकाळी जिना झाडणाऱ्या ताईंनी दोन घमेली भरून माश्या खाली आणल्या. त्यातल्या काही अजून हलत होत्या. ताई मला म्हणाल्या, "साहेब, ह्या कुठं टाकू?" मला उत्तर सुचलं नाही.

नंतर वाचलं. आग्या माश्या ऋतूप्रमाणे दूरदूर जातात आणि परत येतात, हे आपल्याला ठाऊक होतंच. पण 2000 साली 'नेचर' या नियतकालिकात आसामातल्या आग्यांवरचा अभ्यास छापून आला. जनुकीय खुणा तपासून संशोधकांनी दाखवलं, की महिनोन् महिने लांब राहून तीच वसाहत पुन्हा त्याच जागी येते. कामकरी माशीचं आयुष्य दोन-अडीच महिन्यांचं. म्हणजे जी कामकरी माशी जाते ती परत येत नाही, तरी घर ओळखलं जातं. आमच्या टाकीखाली दरवर्षी मोहोळ बसायचं, त्याला आम्ही कटकट म्हणत होतो. ते माहेरी येणं होतं.

भीती खोटी नाही. आग्याच्या डंखांनी माणसं दगावतात. अजिंठ्याला, शिवनेरीला पर्यटकांवर हल्ले झाले आहेत. म्हणून जपायचं म्हणजे मोहोळाखाली गर्दी करायची असं नव्हे. दुसऱ्या वर्षी आमच्या इमारतीनं बैठक घेतली, गच्चीला कुलूप लावलं, जिन्याच्या खिडक्यांना जाळी बसवली, टाकीखालचा दिवा काढला, कारण रात्री उजेड दिसला की माश्या खाली उतरतात. तिथे फटाके वाजवायचे नाहीत, धूर करायचा नाही, असं पोरांना सांगितलं. त्या वर्षी मोहोळ आलं नाही. तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर आलं आणि उन्हाळ्यात आपणहून गेलं. तेच होतं की दुसरं, कोण जाणे. मी रोज सकाळी खाली उभा राहून बघायचो. धोका वाटला की सगळ्या माश्या एकदम पोट उचलतात आणि पोळ्यावरून लाट सरकत जाते, वाऱ्यानं ज्वारी हलावी तशी.

पेट्यांना माझा विरोध आहे असं समजू नका. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर 2022 मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव झालं, आणि कोल्हापूरच्या पाटगावानंही ती वाट धरली. तिथे माशी पोट भरते म्हणून लोक जंगल राखतात. जांभूळ, हिरडा, गेळा, आणि सात-आठ वर्षांतून एकदा फुलणारी कारवी. पण पेटी म्हणजे विम्याचा हप्ता नव्हे. 1991-92 मध्ये थाई सॅकब्रूड या विषाणूनं केरळात आणि दक्षिणेत सातेरीच्या वसाहती जवळजवळ पुसून टाकल्या. एकाच जातीवर भार टाकला की असं होतं. फुलोऱ्यात भाड्यानं आणलेली पेटी महिन्यानं निघून जाते, बांधातली माशी इथलीच असते.

शेवटी मोजण्याविषयी. जर्मनीत क्रेफेल्ड नावाच्या शहरात 1905 पासून कीटकप्रेमींची एक संस्था आहे. त्यांनी 27 वर्षं एकाच पद्धतीनं सापळे लावून उडणारे कीटक तोलले. 2017 साली त्यांच्या नोंदींवरून कळलं, की राखीव क्षेत्रांतसुद्धा कीटकांचं वजन तीन-चतुर्थांशानं घटलं आहे. सगळं जग हादरलं. दोन वर्षांनी बव्हेरिया राज्यात माश्या वाचवण्याच्या कायद्यासाठी सतरा लाखांहून जास्त लोकांनी कचेऱ्यांत जाऊन सह्या केल्या. सुरुवात झाली ती हौशी माणसांच्या वहीतून. आपल्या शाळेतही गुरुजींची एक वही आहे. फेब्रुवारीत दर शनिवारी मुलं कांद्याच्या एका वाफ्याशी दहा मिनिटं बसतात आणि कोण कोण आलं ते लिहितात. आग्या, फुलोरी, "हिरव्या डोळ्यांची", "नाव माहीत नाही". हा शेवटचा रकाना मला सगळ्यांत आवडतो. दरवर्षी तो थोडा भरतो.

जांभळाचं ते खोड पुढे एका वादळात पडलं. गुरुजींनी त्याच जागी बाभळीचा ओंडका आणून उभा केला. तो कुजत आला, आणि गेल्या वर्षी गुरुजीही गेले. दिवाळीच्या सुट्टीनंतर आठवीच्या मुलांनी कुणाच्या तरी पडक्या वाड्यातला जुना सागवानी वासा मागून आणला आणि कुंपणाच्या कडेला, उन्हात, दोन दगडांवर आडवा ठेवला. मी आज सकाळी इथे येताना आधी शाळेत गेलो. वाशाच्या खालच्या अंगाला एक भोक पडलं आहे, आणि दगडावर चिमूटभर ताजा भुसा होता.